विश्लेषण : पनामा कालव्यावर हक्क कोणाचा, हा वाद जुनाच, पण त्याला पाणी कोण देणार?

अमेरिकेचे अध्यक्ष म्हणून दुसऱ्यांदा शपथ घेतल्यावर केलेल्या भाषणात, २० जानेवारी २०२५ रोजी, डोनाल्ड ट्रम्प यांनी पनामा कालवा चीन चालवत असल्याचा आरोप केला आणि तो परत घेण्याची भाषा केली. पनामाचे अध्यक्ष होसे राउल मुलिनो यांनी कालव्याचा प्रत्येक चौरस मीटर पनामाचाच असल्याचे ठणकावले. त्यानंतरची बहुतेक चर्चा चीन, हाँगकाँगची बंदर कंपनी आणि अमेरिकी युद्धनौका यांच्याभोवती फिरत राहिली.

मात्र याच्या जेमतेम वर्षभर आधी हा कालवा खरोखरच अडला होता, आणि तो कोणत्याही देशाने अडवला नव्हता. पाऊस पडला नव्हता. एरवी दिवसाला ३६ ते ३८ जहाजे सोडणाऱ्या कालव्याने डिसेंबर २०२३ मध्ये ही संख्या २२ वर आणली. दोन महासागरांना जोडणाऱ्या कालव्याला पाण्याची टंचाई कशी भासते, याचे उत्तर त्याच्या रचनेत आहे, आणि ती रचना तशी का झाली याचे उत्तर इतिहासात.

समुद्राला जोडलेला, तरी गोड्या पाण्यावर चालणारा

पनामा कालवा सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. नकाशावर तो अटलांटिक आणि पॅसिफिक यांच्यातील सरळ चर वाटतो. प्रत्यक्षात जहाजाला मध्ये एक डोंगर चढून उतरावा लागतो. अटलांटिककडून आलेले जहाज गाटून येथे तीन टप्प्यांत समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचावरील गाटून तलावात चढवले जाते. तलाव आणि त्यापुढची कुलेब्रा खिंड पार केल्यावर पेद्रो मिगेल येथे एक आणि मिराफ्लोरेस येथे दोन टप्पे उतरून ते पॅसिफिकमध्ये जाते. हा प्रवास साधारण ८ ते १० तासांचा असतो.

हे चढणे-उतरणे लॉकमधून होते. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दारे असलेला काँक्रीटचा मोठा हौद. जहाज आत आले की खालचे दार बंद होते, वरच्या बाजूचे पाणी आत सोडले जाते आणि जहाज आपोआप वर उचलले जाते. उतरताना याच्या उलट. पाणी चढवायला पंप लागत नाही, सारे काम गुरुत्वाकर्षण करते. वीज जवळजवळ लागत नाही म्हणून ही रचना अभियंत्यांची लाडकी. पण प्रत्येक टप्प्याला तलावातील पाणी एक पायरी खाली जाते आणि शेवटी समुद्राला मिळते. ते परत येत नाही.

जुन्या लॉकमधून एक जहाज पार होताना अंदाजे १९ कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. दिवसाला ३६ जहाजे धरली तर हा आकडा ६८५ कोटी लिटरच्या आसपास पोहोचतो. मुंबईला रोज साधारण ३९५ कोटी लिटर पाणीपुरवठा होतो. म्हणजे मुंबईच्या पावणेदोन पट पाणी. महाराष्ट्रातील धरणांच्या हिशेबात सांगायचे तर कालवा दर चार दिवसांनी एक टीएमसी पाणी खर्च करतो. गाटून आणि त्याच्या वरच्या अंगाला असलेला अलाहुएला हेच दोन तलाव पनामातील निम्म्याहून अधिक लोकसंख्येला पिण्याचे पाणीही पुरवतात.

सुएझचा यशस्वी माणूस इथे का फसला?

फर्दिनांद द लेसेप्स हे अभियंता नव्हते. ते मुत्सद्दी होते आणि भांडवल उभे करण्यात वाकबगार होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर त्यांचे नाव जगभर झाले. सुएझ हा सपाट वाळवंटातून खणलेला, लॉक नसलेला कालवा. दोन्ही बाजूंचे समुद्र जवळपास एकाच पातळीवर असल्याने मध्ये खणत जाणे एवढेच काम होते. १८७९ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेत लेसेप्स यांनी पनामातही असाच समुद्रसपाटीवरचा कालवा खणण्याचा आग्रह धरला.

त्याच परिषदेत अदोल्फ गोदँ द लेपिने या फ्रेंच अभियंत्याने वेगळी कल्पना मांडली होती. चाग्रेस नदी अडवावी, मोठा तलाव करावा आणि जहाजे लॉकने वर चढवून त्या तलावातून न्यावीत. आजचा कालवा जवळपास असाच आहे. तेव्हा मात्र लेपिने यांचे कोणी ऐकले नाही.

पनामात वाळवंट नव्हते. तिथे घनदाट जंगल, घसरणारी माती आणि पावसाळ्यात एका दिवसात कित्येक मीटर चढणारी चाग्रेस होती. खणलेली माती पावसात पुन्हा खाली येई. पिवळा ताप आणि मलेरिया यांनी मजूर आणि अभियंते दोघेही मरत होते. हे रोग डासांमुळे पसरतात, हे त्या वेळी सिद्ध झालेले नव्हते. फ्रेंच काळात सुमारे २२ हजार माणसे मरण पावली, असा अंदाज सांगितला जातो. शेवटच्या टप्प्यात लेसेप्स लॉकला तयार झाले, गुस्ताव आयफेल यांना कामही दिले गेले, पण तोवर पैसे संपले होते. १८८९ मध्ये कंपनी बुडाली आणि हजारो सामान्य फ्रेंच गुंतवणूकदारांची बचत तिच्यासोबत गेली.

अमेरिकेने १९०४ मध्ये काम हाती घेतल्यावरही हीच चूक पुन्हा होण्याच्या बेतात होती. सल्लागार अभियंत्यांच्या मंडळातील बहुमत समुद्रसपाटीवरच्या कालव्याच्या बाजूने होते. मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स यांनी चाग्रेसचा पूर स्वतः पाहिला होता. त्यांनी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लॉकच्या पर्यायासाठी राजी केले आणि जून १९०६ मध्ये सिनेटने ३६ विरुद्ध ३१ मतांनी त्याला मान्यता दिली. पाच मतांच्या या फरकाने कालवा वाचला, असे म्हणायला हरकत नाही. पण त्याच दिवशी कालवा कायमचा पावसाशी बांधला गेला. फ्रेंचांना ज्या नदीने बुडवले, तिच्याच जिवावर पुढची शंभर वर्षे जहाजे चालणार होती.

करारात पाणीही होते

तेव्हा पनामा हा कोलंबियाचा भाग होता. जानेवारी १९०३ मध्ये अमेरिका आणि कोलंबिया यांच्यात कालव्याचा करार झाला, पण ऑगस्टमध्ये कोलंबियाच्या सिनेटने तो फेटाळला. ३ नोव्हेंबर १९०३ रोजी पनामाने स्वातंत्र्य जाहीर केले. कोलंबियाने सैन्य पाठवू नये, यासाठी अमेरिकी युद्धनौका किनाऱ्यावर हजर होतीच. अवघ्या पंधरा दिवसांत, १८ नोव्हेंबरला, नव्या देशाच्या वतीने कालव्याचा करार झाला. त्यावर सही करणारे फिलिप ब्युनो-वारिया हे फ्रेंच होते, आणि दिवाळखोर फ्रेंच कंपनीच्या वारसदार कंपनीत त्यांचे हितसंबंध गुंतलेले होते. पनामाचे शिष्टमंडळ वॉशिंग्टनला पोहोचले तेव्हा सही होऊन काही तास उलटले होते.

करारानुसार अमेरिकेला १० मैल रुंदीचा पट्टा ‘कायमस्वरूपी’ मिळाला. पनामाला एकरकमी १ कोटी डॉलर आणि काही वर्षांनंतर दरवर्षी अडीच लाख डॉलर. फ्रेंच कंपनीला तिच्या मालमत्तेपोटी मिळाले ४ कोटी, म्हणजे ज्यांची जमीन गेली त्यांच्या चौपट. या पट्ट्याची चर्चा नेहमी होते. पाण्याचे कलम मात्र दुर्लक्षित राहते. नद्या, ओढे आणि तलाव यांचे पाणी वापरण्याचा हक्क आणि गरज पडल्यास पट्ट्याबाहेरील जमीन व पाणी घेण्याची मुभाही अमेरिकेला याच कराराने मिळाली होती.

चाग्रेसवर गाटून येथे धरण बांधले गेले आणि सुमारे ४२५ चौरस किलोमीटरचा तलाव तयार झाला. क्षेत्रफळात तो बृहन्मुंबईपेक्षा थोडाच लहान आहे. त्या काळी तो जगातील सर्वांत मोठा मानवनिर्मित तलाव होता. त्याखाली काय गेले, हे कालव्याच्या कौतुकात फारसे सांगितले जात नाही. चाग्रेसच्या काठाने शतकानुशतके व्यापारी वाट होती, १८५५ पासून रेल्वेही होती. काठावर केळीच्या बागा, बाजारपेठा, चर्च असलेली गावे होती. जुने गाटून गाव उचलून दुसरीकडे नेले गेले. मातचीनसारखी गावे नाहीशी झाली. त्यानंतर डिसेंबर १९१२ मध्ये अमेरिकी अध्यक्ष विल्यम टॅफ्ट यांच्या आदेशाने कालवा पट्ट्यातील सगळी जमीन ताब्यात घेण्यात आली आणि पाण्याखाली न गेलेली गावेही रिकामी करण्यात आली. पनामाच्या इतिहासकार मारिक्सा लासो यांच्या अभ्यासानुसार सुमारे ४० हजार लोकांना असे हलवले गेले. शाळेच्या पुस्तकांत राहिला तो ‘निर्मनुष्य जंगलातून’ काढलेला कालवा.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी ‘अँकॉन’ हे जहाज पार झाले आणि कालवा अधिकृतपणे खुला झाला. युरोपात पहिले महायुद्ध पेटल्यामुळे या बातमीकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

पुढच्या वीस वर्षांतच लक्षात आले की एक तलाव पुरत नाही. कोरड्या महिन्यांत गाटूनची पातळी घसरत असे. म्हणून चाग्रेसच्या वरच्या अंगाला मॅडन धरण बांधून १९३५ मध्ये अलाहुएला तलाव तयार केला गेला. पाणी कमी पडले की नवे धरण, ही पद्धत तेव्हापासूनची.

‘आम्हीच बांधला’ या दाव्यात किती तथ्य?

कालवा पट्ट्यात अमेरिकी कायदा, अमेरिकी पोलीस आणि अमेरिकी वसाहती होत्या. मजुरीतही दोन याद्या होत्या. गोऱ्या अमेरिकी कर्मचाऱ्यांना सोन्याच्या नाण्यांत पगार आणि चांगली घरे, तर बार्बाडोस, जमैकासारख्या कॅरिबियन बेटांवरून आणलेल्या कृष्णवर्णीयांना चांदीच्या नाण्यांत पगार आणि बराकी. ट्रम्प यांनी भाषणात कालवा बांधताना अमेरिकेने ३८ हजार जीव गमावल्याचे सांगितले. अमेरिकी काळातील नोंदलेले मृत्यू ५,६०९ आहेत आणि त्यातील बहुसंख्य हेच कॅरिबियन मजूर होते. मृतांमधील गोऱ्या अमेरिकनांची संख्या शेकड्यांत होती.

९ जानेवारी १९६४ रोजी पट्ट्यातील शाळेत पनामाचा ध्वज लावण्यावरून संघर्ष पेटला, त्यात पनामाचे वीसहून अधिक नागरिक मारले गेले आणि पनामाने अमेरिकेशी राजनैतिक संबंध तोडले. तो दिवस तिथे अजूनही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९७७ मध्ये अमेरिकी अध्यक्ष जिमी कार्टर आणि पनामाचे लष्करी नेते ओमार तोरिहोस यांनी हस्तांतरणाचे करार केले. रोनाल्ड रेगन यांनी कडाडून विरोध केला, तरी सिनेटने दोन्ही करार ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले. ३१ डिसेंबर १९९९ रोजी दुपारी कालवा पनामाच्या ताब्यात आला.

कालवा चीन चालवतो का? तो पनामा कालवा प्राधिकरण ही पनामाची स्वायत्त सरकारी संस्था चालवते. हाँगकाँगच्या सीके हचिसन समूहाकडे १९९७ पासून कालव्याच्या दोन टोकांवरची बाल्बोआ आणि क्रिस्तोबाल ही बंदरे चालवण्याचे कंत्राट होते. कंटेनर उतरवणे-चढवणे हे बंदराचे काम. लॉकमधून कोणते जहाज कधी सोडायचे, हे बंदर ठरवत नाही. हाँगकाँगची कंपनी अशा मोक्याच्या ठिकाणी असावी का, हा प्रश्न रास्त आहे, पण ‘कालवा चीन चालवतो’ हे विधान चुकीचे आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या ब्लॅकरॉक गटाने ही दोन बंदरे आणि समूहाची इतर अनेक बंदरे २,२८० कोटी डॉलरच्या व्यवहारात घेण्याचे जाहीर केले आणि चीनच्या आक्षेपानंतर तो व्यवहार रेंगाळला. त्याआधीच पनामाने चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ योजनेतून बाहेर पडण्याची घोषणा केली होती.

या सगळ्याने तलावाची पातळी एक सेंटिमीटरही वाढली नाही.

मोठी जहाजे, तेवढेच पाणी

जुने लॉक ३३.५ मीटर रुंद. कंटेनर जहाजे त्यापेक्षा मोठी होऊ लागली तेव्हा पनामाने नवे, ५५ मीटर रुंदीचे लॉक बांधायचे ठरवले. त्यासाठी पश्चिमेकडील नद्यांवर धरणे बांधण्याचा विचार होता. १९९९ च्या एका कायद्याने कालव्याचे पाणलोट क्षेत्र वाढवून त्यात हा पश्चिमेचा भाग घातलाही होता. तिथल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केले. ऑक्टोबर २००६ मध्ये विस्तारावर सार्वमत व्हायचे होते, आणि धरणांचा विषय तापवून मते घालवायची सरकारची तयारी नव्हती. त्यामुळे सार्वमताआधीच तो कायदा रद्द झाला. लोकांनी सुमारे ७७ टक्के मतांनी विस्ताराला होकार दिला.

धरणांऐवजी नव्या लॉकच्या बाजूला पाणी साठवणारे हौद बांधले गेले. त्यामुळे प्रत्येक फेरीतील ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येते. ही बचत खरी आहे, पण नव्या लॉकचा आकारच एवढा मोठा की एकूण पाणी जुन्या लॉकपेक्षा किंचितच कमी लागते. शिवाय या लॉकमधून समुद्राचे खारे पाणी तलावात जास्त शिरते, आणि तलाव तर पिण्याच्या पाण्याचा. ५२५ कोटी डॉलरचा हा विस्तार जून २०१६ मध्ये खुला झाला. व्यापाराचा प्रश्न सुटला, पाण्याचा पुढे ढकलला गेला.

तो फार काळ ढकलता आला नाही. २०१९ मध्ये पाऊस कमी झाला आणि फेब्रुवारी २०२० पासून जहाजांवर गोड्या पाण्याचा वेगळा अधिभार लागू झाला. २०२३ मध्ये एल निनोमुळे परिस्थिती आणखी बिकट झाली. त्या वर्षीचा ऑक्टोबर हा १९५० पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑक्टोबर ठरला. वास्तविक हा पनामाच्या ऐन पावसाळ्यातला महिना. जहाजाचा तळ पाण्यात किती खोल जाऊ शकतो याची मर्यादा ५० फुटांवरून ४४ फुटांवर आणली गेली, म्हणजे मोठ्या जहाजांना माल कमी भरावा लागला. रांगेत न थांबता पुढे जाण्याच्या जागांचा लिलाव होतो. नोव्हेंबरमध्ये एका जपानी कंपनीने एका जागेसाठी जवळपास ४० लाख डॉलर मोजले. काही जहाजांनी लांबचा वळसा घेतला. नेमक्या त्याच हिवाळ्यात तांबड्या समुद्रात हुती बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि भारतातून युरोपला जाणारी जहाजेही आफ्रिकेला वळसा घालू लागली. जगाचे दोन्ही प्रमुख कालवे एकाच वेळी अडचणीत आले.

सप्टेंबर २०२४ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात पनामा कालव्यातून ९,९४४ जहाजे गेली. आदल्या वर्षी ती १४,०८० होती. तरीही प्राधिकरणाचा नफा घटला नाही, उलट वाढून सुमारे ३४५ कोटी डॉलर झाला, कारण जहाजे कमी आणि दर चढे. दुष्काळात फायदा कसा झाला, असे वाटेल. पण प्राधिकरणाला यात समाधान नाही. ग्राहक एकदा दुसऱ्या मार्गाला लागले की परत येतीलच असे नाही, आणि कालव्याच्या उत्पन्नातला मोठा वाटा दरवर्षी सरकारी तिजोरीत जातो.

रिओ इंदिओच्या खोऱ्यात काय चालले आहे?

जुलै २०२४ मध्ये पनामाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मधील रद्दबातलीचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. १९९९ चे विस्तारित पाणलोट क्षेत्र पुन्हा लागू झाले आणि प्राधिकरणाचा पश्चिमेकडचा रस्ता मोकळा झाला. रिओ इंदिओ नदीवर धरण बांधायचे, सुमारे ४,६०० हेक्टरचा जलाशय करायचा आणि ९ किलोमीटरच्या बोगद्यातून पाणी गाटून तलावात आणायचे, अशी ही योजना आहे. खर्च १६० कोटी डॉलर, त्यातील सुमारे ४० कोटी पुनर्वसन आणि भरपाईसाठी. साधारण दोन हजार लोकांची घरे बुडीत क्षेत्रात येतात.

प्राधिकरणाची बाजू पोकळ नाही. राज्यघटनेने कालव्याबरोबरच पिण्याच्या पाण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली आहे. शहरे वाढत आहेत, पाऊस बेभरवशाचा झाला आहे आणि दोन तलावांत दोन्ही गरजा भागत नाहीत, हे २०२३ ने दाखवले. भरपाई मोठी आणि पुनर्वसन आधी, असे आश्वासन त्याने दिले आहे.

खोऱ्यातील शेतकऱ्यांचे म्हणणे वेगळे आहे. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, पण अनेकांकडे तिचे कागद नाहीत. मग भरपाई कशाच्या आधारे? मे २०२५ मध्ये त्यांनी होड्या घेऊन नदीतच निदर्शने केली. पूर्वेकडे बायानोचा मोठा जलाशय आधीच आहे, तिथले पाणी आणा, शहरातली गळती थांबवा, असे धरणाचे विरोधक सुचवतात. बायानो कालव्यापासून लांब आहे आणि वीजनिर्मितीला जोडलेला आहे, त्यामुळे तो पर्याय सोपा नाही. पण त्याच बायानोमुळे शेतकऱ्यांचा अविश्वास समजून घेता येतो. १९७० च्या दशकात त्या धरणासाठी गुना आणि एम्बेरा या आदिवासी समाजांना उठवण्यात आले. त्यांना दिलेल्या पर्यायी जमिनींची आखणी आणि मालकी हक्क वेळेत न दिल्याबद्दल आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने पनामा सरकारला २०१४ मध्ये दोषी धरले. धरण भरल्याला तेव्हा जवळपास चार दशके झाली होती. कोयना किंवा उजनीच्या प्रकल्पग्रस्तांना यात नवे काही वाटणार नाही.

सार्वभौमत्वाच्या दृष्टीने हा पेच अवघड आहे. १९०३ चा करार परकीयांनी लादलेला होता. त्यातून गावे गेली तेव्हा दोष वॉशिंग्टनला देता येत होता. आता धरण बांधणारे सरकारही पनामाचे, न्यायालयही पनामाचे आणि नफाही पनामाचा. ‘कालवा आमचा’ ही घोषणा ट्रम्प यांच्याविरोधात राजधानीत एकमुखाने देता येते. रिओ इंदिओच्या खोऱ्यात त्यातील ‘आमचा’ या शब्दावरच वाद आहे.

बांधकाम २०२७ च्या सुमारास सुरू करून जलाशय २०३२ पर्यंत वापरात आणण्याचे नियोजन आहे. त्यापूर्वी पुन्हा तीव्र एल निनो आला, तर प्राधिकरणाच्या हाती २०२३ चेच उपाय आहेत : खोलीची मर्यादा कमी करणे, जहाजे कमी सोडणे आणि उरलेल्या जागांचा लिलाव करणे.